पथारीजवळच्या शाळेचा वार

भूपेशचा फोन आला तेव्हा चेतना मोरीपाशी बसून ठोकळे धूत होती. रोबोचे ठोकळे. एकमेकांत अडकवायचे, चाकं लावायची, वायर जोडायची, की त्यांची गाडी होते आणि समोर भिंत आली की आपोआप थांबते. नंदुरबारच्या आसपासच्या सहा शाळांतल्या पाचवीच्या मुलांना हे शिकवायचं, ही चेतनाची एका संस्थेतली नोकरी. शाळा सहा, पेटी एक. सोमवार ते शनिवार ती पेटी मांडीवर घेऊन रिक्षातून फिरायची.

"ताई, आजच्या शाळेतून तक्रार आलीये," भूपेश म्हणाला. संस्थेचं वेळापत्रक त्याच्याकडे होतं. "तीन मुलांचे डोळे जळजळले. पालक येऊन भांडून गेले. काय लावलंय ठोकळ्यांना?"

चेतनाला विचार करावा लागला नाही. कालची, सोमवारची शाळा मिरचीच्या पथारीला लागून होती. उघड्या रानात जिथवर नजर जाईल तिथवर लाल मिरची वाळत टाकलेली. हिवाळाभर तिथली मुलं सकाळी आईबरोबर देठ खुडायची आणि तेच हात घेऊन साडेदहाला वर्गात यायची.

"मिरची आहे ती, कालच्या पथारीजवळच्या पोरांच्या हातांची. धुतले होते रे मी काल. पण मोटरचा नि सेन्सरचा ठोकळा पाण्यात घालता येत नाही. ते नुसते पुसते."

"मग ती शाळाच काढू. सोमवार दुसरीकडे देतो."

"एकदा येऊन बघ. मग काढ."

आतून सासूबाईंचा, गुलाबबाईंचा आवाज आला. "घरमा भांडा पडेल शेतस, नि हाई खेळना धुई ऱ्हायनी!"

"उनूच, आत्या," म्हणत चेतना मोरीतून उठली.

फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली चेतना सात वर्षं विनाअनुदानित शाळेत राबली, मग घरी शिकवण्या घेतल्या, आणि शेहेचाळिसाव्या वर्षी ही पेटी हातात आली. पहिला उत्साह दिवाळीपर्यंत टिकला. आता गाडी थांबली की मुलं टाळ्या वाजवायची आणि ती घड्याळ बघायची. पण 'थांबली नाही तर का नाही थांबली' हे विचारणारी सहा शाळांत एकच मुलगी होती. सदफ. ती पथारीजवळच्या शाळेत होती.

पुढच्या सोमवारी भूपेश आला आणि मागच्या बाकावर बसला. चेतनाने पेटी उघडलीच नाही. आधी हात धुवायला लावले.

"साबण से नहीं जाती मॅडम," सदफ म्हणाली. "पहले तेल."

हे चेतनाला घरी ठाऊक होतं. रोज मिरची वाटणाऱ्या बाईला कोण शिकवणार? पण इतके दिवस ती ठोकळ्यांचाच विचार करत होती. ठोकळ्यांना तेल लावलं तर ते एकमेकांना धरत नाहीत. हातांना लावायचं, हे काही सुचलं नव्हतं.

खिचडी शिजवणाऱ्या शोभाबाईने तेलाची वाटी दिली, पण तोंड वाजवलंच. "इतलं तेल? भजा तळना शेतस का, मॅडम?"

चौतीस मुलं, एक नळ. आधी तेल चोळायचं, मग साबण, मग पाणी. चाळीस मिनिटांच्या तासातली पंचवीस तिथंच गेली. उरलेल्या पंधरात सदफच्या गटाने गाडी जोडली आणि सोडली. गाडी सरळ जाऊन भिंतीवर आपटली.

पोरं हसली. सदफ गुडघ्यांवर बसून गाडीत डोकावली. "मॅडम, इसको दिवार दिखी नहीं, या दिखी फिर भी रुकी नहीं?"

चेतनाने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि घंटा झाली.

"ताई," भूपेश व्हरांड्यात म्हणाला, "आपण रोबो शिकवायला येतो की आंघोळ घालायला?"

"तिचा प्रश्न ऐकलास ना?"

"ऐकला. पण उद्या परत कुणाचे डोळे जळले, तर वर उत्तर मला द्यावं लागतं."

चेतना भिंतीला टेकली. पाठ कालपासून दुखत होती. "ही शाळा शनिवारी घे, शनिवारची सोमवारी. शनिवारी शाळा सकाळची. पोरं पथारीवर जायच्या आधी येतील. उरलंसुरलं मी रविवारी घरी एकेक पुसते. वाळायला दिवस मिळेल."

"रविवारी?"

"हो." महिन्यातून चार रविवार, तेही एका शब्दात गेले.

भूपेशने मोबाईलमध्ये वार बदलले. "पण परत तक्रार आली तर मी काढणार."

"काढ."

सदफ दाराशी उभी होती. "मॅडम, शनिवार को मैं नहीं आ सकती. शनिवार को अम्मी सूरज निकलते ही ले जाती. माल ज्यादा रहता."

चेतनाने पेटी उचलली. ती सदफला घेऊन पथारीकडे चालू लागली. दहा पावलांत खोकला लागला. नाकाला पदर, ओढण्या बांधलेल्या बायांत सदफने आईला, अमिनाला दाखवलं. अमिनाने सगळं ऐकून घेतलं, हात न थांबवता.

"किती वेळ लागते, मॅडम?"

"आठपर्यंत सोडते. माझा तास पहिलाच लावून घेते."

अमिनाने मूठभर देठ बाजूला टाकले. "आठ म्हंजे आठ. उसके बाद मुझे लगती वो."

"आठ," चेतना म्हणाली.

म्हणजे शनिवारी सहाला घर सोडायचं. त्याआधी भाकरी, त्याआधी पाणी. ती खोकत खोकत रस्त्यावर आली आणि पेटी काखेत धरून रिक्षाची वाट बघत उभी राहिली.