आबांचा वाफेचा व्हॉल्व्ह

पांडेसऱ्यातल्या ज्या डाइंग मिलमध्ये माझं पहिलं काम निघालं, तिथेच आबा, म्हणजे माझे वडील, कितीतरी वर्षं रंगाच्या मशीनवर वाफेचा व्हॉल्व्ह हाताने फिरवत होते. नव्वदच्या दशकाच्या मधली ती वर्षं. मी डिप्लोमा करून एका छोट्या कंपनीत लागले होते. तो व्हॉल्व्ह आता कॉम्प्युटरने उघडायचा होता. मुलगी वडिलांच्याच मिलमध्ये चालली म्हटल्यावर साहेब दुसऱ्याला पाठवतील, या धास्तीने मी ऑफिसात काहीच बोलले नाही.

मिलच्या गुजराती शेठने आबांनाच हाक मारली. "काका, आ बेनने मशीन बतावो."

"या, मॅडम," आबा म्हणाले. चेहरा अगदी गंभीर! सकाळीच नवागामच्या आमच्या खोलीत माझ्या ताटातली भाकरी पळवणारा माणूस मला मॅडम म्हणत होता. मी ओढणी तोंडावर धरून खोकल्यासारखं केलं.

वाफेची मुख्य लाइन बंद ठेवली आणि मी कॉम्प्युटरमध्ये कार्ड बसवलं. शून्य ते चार हजार पंचाण्णव असा आकडा टाकला की त्या प्रमाणात सिग्नल बाहेर जायचा. मी सगळ्यात मोठा आकडा टाकला. व्हॉल्व्ह किती उघडला ते दाखवणारा काटा जरासा थरथरला आणि बसला. पुन्हा टाकला, पुन्हा तेच.

"चाल्युं, बेन?" शेठने विचारलं.

"बस, पाच मिनट," मी म्हणाले. पाचाची पंचेचाळीस झाली. आबा मागून हळूच म्हणाले, "काय व्हयनं वं?"

"काही नाही, काका," मी म्हणाले, आणि कार्डासोबत आलेल्या पुस्तकाची पानं उलटत राहिले. एका कोपऱ्यात बारीक चित्र होतं. कार्डावर काळ्या प्लॅस्टिकच्या इवल्याशा टोप्या असतात, त्यांना जंपर म्हणतात. माझा जंपर व्होल्टेजच्या जागी होता आणि आमच्या व्हॉल्व्हला हवा होता करंट: चार मिलिअँपिअरला बंद, विसाला पूर्ण उघडा.

कॉम्प्युटर बंद केला, कार्ड काढलं, नखाने जंपर उपटून शेजारच्या खिळ्यांवर बसवला. मग व्हॉल्व्हची वायर सोडवून तिथे मीटर लावला, सगळं पुन्हा चालू करून शून्य टाकलं आणि मीटर बरोबर चारवर येईपर्यंत कार्डावरचा बारीक स्क्रू फिरवला. दुसऱ्या स्क्रूने वीस जुळवले. आता मीटर काढून व्हॉल्व्हची वायर परत जोडली. शेवटी मोठा आकडा टाकून बटण दाबलं.

फुस्स! व्हॉल्व्ह ढकलणारी दाबाची हवा सुटली आणि काटा सरसरत वर गेला.

"उघडला! आबा, उघडला!"

खात्यातले सगळे कामगार माझ्याकडे बघायला लागले. शेठने आधी माझ्याकडे, मग आबांकडे पाहिलं. "आबा?"

"मन्ही पोर शे," आबा म्हणाले. छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटेल वाटलं. शेठ इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला.

"मी करी दखू का?" आबांनी विचारलं. एका बोटाने त्यांनी दोन हजार अठ्ठेचाळीस दाबलं. काटा बरोबर मध्यावर थांबला. मग हजार, मग तीन हजार. प्रत्येक फुस्सला खात्यातली माणसं "अजून, अजून" ओरडत होती आणि आबा लहान मुलासारखे उड्या मारत होते. मीही मारत होते.

घरी आम्ही दोघं एकदमच सांगायला लागलो. आई पोळपाटावरून लाटणं उचलून म्हणाली, "काय उघडनं, ते तरी सांगा!"