बाकावरचं लंडन

कुमासी शहरातल्या सुआमेच्या गॅरेजवस्तीत याव बोआदीला त्याच्या नावानं हाक मारणारं आता कुणी राहिलं नव्हतं. आंब्याखालच्या बाकावर त्याला सगळे 'लंडन' म्हणत, कारण त्याची मुलगी सेरवा तिथल्या एका इस्पितळात नर्स होती. एन्सियाचा मुलगा जर्मनीत, म्हणून एन्सिया 'हॅम्बुर्ग'. आणि फ्रिम्पाँगचा मुलगा इथंच कोपऱ्यावर जुने टायर विकायचा, म्हणून तो बिचारा नुसताच 'कुमासी'. गाड्यांचे गिअरबॉक्स खोलण्यात हयात घालवलेले हे तिघं म्हातारे दुपारभर दामे नावाच्या खेळाच्या पटावर सोंगट्या म्हणून बाटल्यांची बुचं सरकवत बसत. खेळ नावाला. खरी मजा भांडणाची, आणि भांडण रोज एकच: जगात कुठलं शहर किती वजनदार.

या विषयात बोआदीचा हात धरणारा कुणी नव्हता. रेडिओवर शहरांच्या कमाईच्या बातम्या लागल्या की तो जेवणाचं ताट बाजूला सारून ऐके. न्यूयॉर्क आणि टोकियो पुढं आहेत हे तो मोठ्या मनानं कबूल करायचा, पण त्यांच्यानंतर दुसऱ्या कुणाला जागा द्यायची त्याची तयारी नसे.

"तुझं हॅम्बुर्ग म्हणजे काय रे? बंदर. गोण्या उतरवा, गोण्या चढवा," तो एन्सियाला म्हणे. "लंडनमधला माणूस खुर्चीवरून न उठता सगळ्या जगाचा पैसा इकडचा तिकडं करतो."

"आणि तुझी पोरगी काय करते? तीही पैसा इकडचा तिकडं करते?"

"ती त्या माणसांना सुया टोचते. तेवढं धाडस आहे का तुझ्या पोरात?"

मग फ्रिम्पाँग मुद्दाम विचारी, "आणि आमचं कुमासी?"

"कुमासी ठेव तराजूत. काटा हलला तर मला सांग."

फ्रिम्पाँग पोट धरून हसायचा. त्याला कसला राग येणार? ऊन कललं की त्याचा मुलगा मोटरसायकल घेऊन बाकापाशी हजर. "चला पापा, आई जेवायची थांबलीय." आणि हा गडी डाव अर्धवट टाकून मुलाच्या मागं बसून जाई. हरत असला तर जरा जास्तच लगबगीनं.

बोआदीला अशी घाई कधीच नसायची. बायको, कोनादू, गेल्यापासून त्याच्या घरात उकडलेल्या कंदांचं फुफू कुटलं गेलं नव्हतं. ते एकट्याचं काम नाही. एकानं मुसळ मारायचं, दुसऱ्यानं उखळातला गोळा दर घावाला उलटवायचा, आणि दोघांचा ताल चुकला की बोटं चेचायची. कोनादूचा हात कधी चेचला नाही, याचा त्याला अजून अभिमान होता. आता तो रस्त्यावरच्या खानावळीतून बांधून आणी आणि रेडिओसमोर बसून खाई. घर त्याला खायला उठायचं. रडावंसं वाटे, पण लंडन म्हणवून घेणाऱ्या माणसानं हे बाकावर सांगायचं कुठल्या तोंडानं?

सेरवाचा फोन रविवारी यायचा. बोआदीला कमी ऐकू येई, म्हणून तो फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवी. कमी ऐकू येतं हे खरं, पण लंडन बाकावर सगळ्यांनी ऐकावं हेही तितकंच खरं. त्या रविवारी तिचा आवाज जरा दबकत आला.

"पापा, मी परत यायचं म्हणतेय."

"सुट्टीला?"

"नाही, कायमची. कुमासीत छोटंसं प्रसूतिगृह काढावं असं मनात आहे. इथं लंडनात एक घर विकत घ्यायला बघितलंय, बुधवारी सह्या करायच्यात. त्याआधी काय ते ठरवायला हवं. तुम्ही म्हणाल तसं करते."

बुचं सरकायची थांबली. एन्सिया हनुवटीवर हात ठेवून ऐकत होता. बोआदीचं काळीज सुपाएवढं झालं. घरात चूल पेटलेली, दारात चपलांचा दुसरा जोड, इतकं सगळं त्याला त्या क्षणात दिसलं. 'ये' म्हणायचं फक्त. पण समोर हॅम्बुर्ग बसला होता, आणि पोरीला लंडन झेपलं नाही असं तो उद्यापासून गावभर सांगत सुटणार होता. बोआदीच्या तोंडातून सवयीनं नेहमीचंच निघालं.

"अगं, इथं आहे काय? एकटं लंडन आपल्या अख्ख्या देशाला खिशात घालील. तिथं पाय रोवायला लोक जिवाचं रान करतात, आणि तू रोवलेला पाय उचलून इकडं येणार?"

"तुम्हाला एकट्याला जड जात नाही ना, पापा?"

"मला? इथं बाकावर बसायला जागा मिळत नाही."

मग ती म्हणाली, "बरं. तुमचं बरोबर असेल." तिनं वडिलांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. त्यानंच तिला तसं वाढवलं होतं.

"मानलं बाबा तुला," एन्सिया म्हणाला. "घरची पोरगीसुद्धा तुझ्यापुढं हरली."

फ्रिम्पाँग मात्र पटाकडे बघत राहिला. "मी ये म्हणालो असतो," तो हळूच म्हणाला.

"तुला विचारलंय कुणी?" बोआदी खेकसला.

मंगळवारी तो बाकावर गेलाच नाही. दार लावून घेतलं आणि काय बोलायचं ते मोठ्यानं म्हणून बघितलं. मी चुकलो, पोरी. मला करमत नाही. ये. मग तिला फोन लावला. तो वाजत राहिला, कुणी उचलला नाही. कामावर असेल, असं म्हणून त्यानं तो उशाशी ठेवला, आणि पुन्हा लावायचा धीर त्याला झाला नाही.

बुधवारी दुपारी तिचाच फोन आला.

"झाल्या सह्या, पापा. पंचवीस वर्षांचं कर्ज आहे, म्हणजे आता मी इथलीच. बरं झालं तुम्ही मला शहाणपण शिकवलंत, नाहीतर वेडेपणाच करून बसले असते."

"छान केलंस," बोआदी म्हणाला.

"काल तुमचा फोन येऊन गेला होता. काही काम होतं का?"

"नाही गं. बाकावर वाद लागला होता, लंडन मोठं की पॅरिस. म्हटलं तुलाच विचारावं."

सेरवा हसली. "मग? काय ठरलं?"

"लंडन," तो म्हणाला.