चांगुलपणाचं समर्थन

आमच्या बंगळूरमधल्या मल्लेश्वरमच्या मराठी चिंतन मंडळाचे किस्से सांगायला बसले की आमचे हे म्हणतात, "पुरे, बाकीचे उद्या." काय करणार? शिकलेली, पेन्शनर, रिकामटेकडी माणसं दर रविवारी एकत्र आली की किस्से साठतातच.

अध्यक्ष नानासाहेब, सरकारी कारखान्यातले निवृत्त इंजिनिअर. त्यांनी विषय काढला: जगात इतकं वाईट असूनही देवाची बाजू मांडायची, ते ईश्वर-समर्थन. माणसाची मांडायची ते मानव-समर्थन, समाजाची ते समाज-समर्थन. 'समर्थन' म्हणावं की 'मंडन', यातच आमचा उन्हाळा गेला. दोन सभासद त्यावरून अजून एकमेकांशी बोलत नाहीत. विषय काय, तर माणसाचा चांगुलपणा!

*

पद्धत अशी, की एकानं पेपरातली वाईट बातमी वाचायची आणि दुसऱ्यानं माणसाची बाजू घ्यायची. एकदा घरफोडीची बातमी निघाली. नानासाहेब म्हणाले, "चोरानं देवघराला हात लावला नाही, हे बघा." बातमीत देवघराचं नावही नव्हतं. टाळ्या मात्र पडल्या.

*

मंडळाच्या कपबश्यांच्या कपाटाला कुलूप असायचं, किल्ली नानासाहेबांच्या खिशात. मी विचारलं, "माणूस मुळात चांगला ना? मग कुलूप कशाला?"

"कुलपामुळेच तो चांगला राहतो," ते म्हणाले. हे त्यांनी वहीत उतरवूनही घेतलं.

*

सुधाताई आमच्यातल्याच, विधवा, एकट्या. आठव्या क्रॉसवर, म्हणजे आठव्या आडव्या गल्लीत, कितीतरी वर्षं भाड्यानं राहायच्या. इलेक्ट्रॉनिक सिटीत कंपन्या आल्या, भाडी वाढली. घर सोडावं म्हणून मालकानं त्यांचं पाणी तोडलं. त्यांनी मंडळात एवढंच मागितलं, "माझ्याबरोबर येऊन नुसते उभे राहा. पाठीशी माणसं आहेत, हे त्याला दिसू दे."

नानासाहेबांनी डोळे मिटले. "मालक वाईट नाही, सुधाताई. व्यवस्था बदलतेय. समाज-समर्थनाच्या अंगानं बघा." मग चहा झाला.

शेवटी मी एकटीच त्यांच्याबरोबर गेले. मालकानं आम्हा दोघींकडे बघितलं, "सरी, सरी" म्हणजे बरं, बरं म्हणाला आणि दार लावून घेतलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सुधाताई चामराजपेटला बहिणीकडे राहायला गेल्या.

*

तरी रविवारी बसनं यायच्या. एकदा नानासाहेब पुण्याहून आलेल्या पुतण्याला घेऊन आले. पेढे वाटले. "कॉम्प्युटरमध्ये आहे. आल्या आल्या घर मिळालं. आठव्या क्रॉसवरचं, सुधाताईंचंच. मालकानं माझ्या शब्दावर दिलं. माणूस मुळात चांगला, हे मी उगीच म्हणत नाही."

सुधाताईंनी पेढा घेतला आणि त्या मुलाला विचारलं, "नळाला पाणी येतं का रे आता?"