चालून दाखवा, सर

संध्याकाळच्या इंग्रजीच्या क्लासात सरांची एक पद्धत होती. शब्द फळ्यावर नाही, पायांनी कळतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते एखाद्याला उठवत, दारापासून खिडकीपर्यंत चालायला लावत आणि बाकीच्यांना विचारत, सांगा, हा काय करतोय? वेग कमी होणं म्हटलं की आपल्याला 'हळू' सुचतं आणि तिथेच आपली गाडी थांबते, असं ते ऐटीत सांगत. समजून उमजून वेग कमी केला तर स्लो डाऊन. मन लागत नाही म्हणून जोर सैल सोडला तर स्लॅकन. जागा सोडवत नाही म्हणून रेंगाळलात तर लिंगर. ताकद असून टंगळमंगळ केली तर डॉडल. ताकदच संपत आली तर फ्लॅग. या शेवटच्या दोघांत केलेली गल्लत त्यांना अजिबात खपत नसे.

डॉडलसाठी त्यांना एके वर्षी हुकमी नमुना सापडला होता. पॅकिंगच्या कारखान्यातून थेट क्लासला येणारी एक मुलगी. दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजायचे. सर तिला उठवायचे, ती पाय ओढत चालायची आणि अख्खा वर्ग एका सुरात 'डॉडल' म्हणायचा. सरांनी तिचं नावच 'रमतगमत' ठेवलं. तीही हसायची, कारण न हसून जाते कुठे? असा तमाशा वर्षभर चालला. अशा माणसाबद्दल 'तसा मनाने चांगला होता' म्हणायची पद्धत आहे. इथे ते म्हणवत नाही.

रमतगमत पुढे त्याच कारखान्यात सुपरवायझर झाली, हुशारीने वर चढली आणि एक दिवस तिने हा क्लासच विकत घेतला. सरांना तिने ठेवून घेतलं. लोक म्हणाले, केवढं मोठं मन.

मग सरांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. डावा पाय मागे राहू लागला, वाक्य मधेच अडू लागलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, मुद्दाम सावकाश घेतोय, तुमच्याच भल्यासाठी. घरी मुलाने त्यांची खुर्ची चपलांच्या स्टँडशेजारी नेऊन ठेवली होती. तिथे येणारा-जाणारा वाकायचा तो चपलांसाठी. त्यांचं बोलणं ऐकून घेणारी जागा आता एकच उरली होती, हा वर्ग. त्यामुळे मालकीणबाई नवा मास्तर शोधतायत हे कानावर आलं तेव्हा सरांचं धाबं दणाणलं. त्यांनी गयावया केली, एकदा माझा तास बघा आणि मग काय ते ठरवा. बाई बरं म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी शेवटच्या बाकावर येऊन बसल्या.

सरांनी नेमका तोच जुना धडा काढला. चालायला कुणाला उठवावं म्हणून ते वर्गभर नजर फिरवत होते, तोच मागून बाई म्हणाल्या, "आज तुम्हीच चालून दाखवा, सर."

सर निघाले. अर्ध्या वाटेत बाकाला धरून उभे राहिले, पुन्हा निघाले. पहिल्या बाकावर शिकायला बसणाऱ्या एका नर्सला दया आली. सर मुद्दाम हळू चालतायत, स्लो डाऊन, असं ती घाईघाईने म्हणाली.

"मला तर डॉडल वाटतं," बाई म्हणाल्या. "ताकद आहे, नुसती टंगळमंगळ. तसं असेल तर सरांना ठेवायला माझी काही हरकत नाही."

वर्ग हसला. सरांनी नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. पण समोर चुकीचं उत्तर पडलेलं, आणि ते तसंच सोडायची सवय त्यांच्या जिभेला नव्हती.

"चूक," सर म्हणाले. "पाय उचलायचाय, पण उचलत नाही. हा फ्लॅग."

बाई उठून त्यांच्यासमोर आल्या. "मग त्या वर्षी माझा काय होता, सर?"

सरांनी तिच्या पायांकडे पाहिलं. उत्तर त्यांना आलं, पण बाहेर पडायला फार वेळ लागला. "फ्लॅग."

"बरोबर." हुबेहूब सरांच्याच जुन्या आवाजात. "उद्यापासून येऊ नका."

सर पिशवी घेऊन बाहेर पडले तेव्हा बाईंनी वर्गाला जिन्याच्या कठड्याशी बोलावलं आणि त्या म्हणाल्या, बघा आणि सांगा. वळणावर सर थांबले आणि त्यांनी वर वर्गाच्या दाराकडे पाहिलं. लिंगर, कुणीतरी म्हणालं. मग कठडा धरून ते एकेक पायरी उतरू लागले आणि सगळे एका सुरात म्हणाले, फ्लॅग. त्यात नर्सचाही आवाज होता.

सर तळाला पोचेपर्यंत वर्गाचं एकही उत्तर चुकलं नाही. इतका तयार वर्ग त्यांना आयुष्यात मिळाला नव्हता.