काकूंचा पुजाऱ्यावर संशय

लातूरजवळच्या मुरुडमध्ये खरी साहित्यसमीक्षा उरली होती ती फक्त आप्पांकडे. आप्पांनी जन्मात एकच कादंबरी वाचली होती, आणि तीही निम्मीच.

बाजारात त्यांचं किराणा दुकान होतं. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग आणि गल्ल्याशेजारी वाचनालयाचा शिक्का असलेली ती जाड रहस्यकथा. लहान गावातल्या लिंगायत मठात स्वामींचा विष घालून खून होतो आणि शेवटी मठाचा कारभारी सापडतो, अशी गोष्ट. साखर घ्यायला आलेल्या माणसाला आप्पा आधी विचारत, "वाचली का?" वाचनालयात प्रत एकच, आणि ती आप्पांनीच अडवलेली. त्यामुळे हो म्हणणारे फार भेटत नसत.

त्यांच्या आधी ज्यांनी वाचली होती त्यांची मतं आप्पांना पाठ होती. हेडमास्तर म्हणत, ही मठांची बदनामी आहे. शिंप्याचं म्हणणं, स्वामी मरेपर्यंत मजा येत नाही. "आन् तुमचं?" मी विचारायचो. मी नांदेडला मराठी शिकवतो. सुटीत गावी आलो की त्यांच्या दुकानातलं स्टूल माझं असे. आप्पा तराजू पुसत म्हणत, "लेखक हुशार हाय. पण स्वामीला जाळलं, तिथं फसला."

वाचनालयाने एकदा लेखकालाच बोलावलं. शाल, श्रीफळ, हार झाले. अध्यक्षांनी पुस्तक न उघडता त्यातली धर्मचिकित्सा अर्धा तास उलगडली. मग वाचकांनी बोलावं असं ठरलं आणि आप्पा उठले.

"साहेब, आमच्यात जाळत न्हाईत. बसवून पुरतात. मग तुम्ही स्वामीला जाळलं कसं?"

लेखक हसून म्हणाले, "ती चिता एक प्रतीक आहे, आप्पा."

"आसंल की. पण प्रतीकाला बी आमच्यात बसवूनच पुरतात."

टाळ्या पडल्या. आप्पांना त्या नको होत्या. परतताना ते माझ्याबरोबर चालत होते. दुकानापाशी आल्यावर कुलूप न उघडता पायरीवर बसले.

"गुरुजी, पुरलं आसतं तर इष कुणी घातलं ते निघालं आसतं. पुजारीच सापडला आसता. ही म्हणायची, 'मला त्या पुजाऱ्याचा संशय येतोय.' भाकरी थापताना बी तेच."

ही म्हणजे काकू. पुस्तक त्यांनी आणलेलं. निम्म्यावर आल्या आणि गेल्या. खूण म्हणून ठेवलेला उदबत्तीच्या पुड्याचा तुकडा जिथे होता, तिथून आप्पांनी पुढे वाचायला घेतलं. कारभारी पकडला गेला तेव्हा काकू खोट्या ठरल्या, आणि ते ऐकायला त्या नव्हत्या.

"मग आधीचं निम्मं वाचा की," मी म्हणालो.

"ते हिनं वाचलंय. दोघांनी तेच वाचून काय करायचं?"

त्यानंतर ते वर्षानुवर्षं पुढचं निम्मंच वाचत राहिले. कारभारी दर खेपेला सापडायचा. दर खेपेला आप्पा पुस्तक मिटून म्हणत, "न्हाई पटत."

गेल्या उन्हाळ्यात आप्पा गेले. त्यांच्या शेतात, काकूंच्या शेजारी खड्डा घेतला. जंगमांनी त्यांना मांडी घालून बसवलं, विभूती लावली, बेलपानं वाहिली. पुण्याहून आलेला मुलगा कडेला उभा राहून घड्याळ बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याने दुकानाचं शटर ओढलं आणि पुस्तक माझ्या हातात देत म्हणाला, "काका, हे तेवढं वाचनालयात टाका."

टाकण्याआधी मी ते पहिल्यापासून वाचलं. उदबत्तीचा तुकडा जागच्या जागी होता. स्वामींचा खून होतो त्या रात्री पुजारी लातूरच्या दवाखान्यात, मोतीबिंदू काढून, दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून पडलेला असतो. काकूंच्या खुणेच्या बरंच आधी, त्यांनी वाचलेल्या पानांत, ते स्पष्ट लिहिलं आहे.