ग्रेसच्या चेहऱ्याचा रंग

गेल्या शनिवारी आयर्लंडमधल्या एनिस गावातल्या आमच्या स्वयंपाकघरात बसून मी एका सुपरहिरोला गोरं केलं... आणि थोड्याच वेळात ती सुपरहिरो आमच्याकडे चहाला आली.

म्हणजे ग्रेस. जवळच्या शॅनन गावातल्या ऑफिसात माझ्या शेजारी बसते. आईवडील नायजेरियाचे, ही लहानपणापासून इथलीच. कॉमिक्सचा विषय निघाला की हिच्या तोंडाला विश्रांती नाही.

आमच्याच ऑफिसातला केव्हिन हौसेनं कॉमिक काढतो. दिवसा बस चालवणारी आणि रात्री शॅनन नदीवरून उडणारी एक नायिका त्याला सुचली, आणि तिचा चेहरा तुझा काढू का, असं त्यानं ग्रेसला विचारलं. रंग भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण पुण्यात असताना मी एका स्टुडिओत हेच करायचे.

ग्रेसनं हो म्हणताना अट घातली. मला मधेच मारायचं नाही, आणि मी मीच दिसले पाहिजे.

आम्ही हसलो. मग तिनं सांगितलं, की लहानपणी वाचलेल्या कॉमिक्समध्ये तिच्यासारखं कोणी असलंच तर ते गुंड असायचं, नाहीतर हिरोचा जिगरी दोस्त. हा दोस्त हमखास मरायचा, म्हणजे हिरोला पेटून उठायला कारण मिळायचं. आणि जो जगायचा त्याचा रंग एका पानावर राखाडी, दुसऱ्यावर मातकट... आपल्याकडे कुणी धड बघितलेलंच नाही असं वाटायचं, म्हणाली. तेव्हा आमचं हसू थांबलं.

तर शनिवारी शेवटचं पान हातात होतं. खाली नदीवरचा पूल, वर रात्रीचं आकाश आणि त्यात ग्रेसचा मोठा चेहरा. प्रिंट काढून बघितली, तर चेहरा पार अंधारात बुडालेला. केव्हिनचा मेसेज आला, स्किन थोडी लाइट कर, बाकी सगळं ग्रँड आहे.

माझी आई सध्या नागपूरहून आलीय. ती शेजारी लसूण सोलत बसली होती. तिचंही तेच... "उजळ कर नं जरा पोरीला. एवढी गुणाची पोरगी, छान दिसू दे."

आईच्या मनात काही वाईट नव्हतं, हे सांगायलाच हवं. ती स्वतः सावळी आहे. फोनमधला चेहरा गोरा करणारा फिल्टर लावल्याशिवाय कुणाला फोटो काढू देत नाही. तिच्या लेखी एखाद्याला उजळ करणं म्हणजे त्याचं कौतुक करणंच.

मला पटत नव्हतं. पण पान त्याच दिवशी छपाईला जायचं होतं, आणि दोघंही एकच सांगत होते. मी रंग उजळ करायचा स्लायडर सरकवला. चेहरा दिसायला लागला... पण तो दुसऱ्याच कुणाचा तरी होता.

तेवढ्यात ग्रेस आली. लॅपटॉप उघडाच राहिला होता. तिनं वाकून पान बघितलं आणि म्हणाली, "सुंदर आहे. ही कोण?"

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसली. "मला वाटलं होतं, या वेळी तरी..." एवढंच म्हणाली.

आईला इंग्रजी बेताचं कळतं, पण माणसाचा चेहरा बरोबर कळतो. काय झालं गं, काय झालं, सारखं विचारत राहिली. मग मी तिला सगळं सांगितलं. ती अट, ते मरणारे दोस्त, ते मातकट रंग. आईनं लसूण बाजूला ठेवला.

मग ती जे बोलली, ते मी आजवर कधीच ऐकलं नव्हतं. तिच्या लग्नाच्या अल्बममध्ये स्टुडिओवाल्यानं न विचारता तिला गोरं केलं होतं. घरी येणारा प्रत्येक जण म्हणायचा, फोटोत किती छान आलीस.

"म्हणजे समोर उभी होती ती छान नव्हती नं," आई म्हणाली. "म्हणून मी तो अल्बम काढतच नाही. त्यात तुझे बाबा आहेत. मी नाही."

हे तिला सांग, म्हणाली. मी ग्रेसला सगळं इंग्रजीत सांगितलं. ग्रेसनं आपली खुर्ची ओढली आणि आईला लागून बसली.

मी चेहऱ्याचा रंग होता तसा केला. मग ग्रेसला खिडकीपाशी बसवलं आणि नीट बघितलं. कपाळावर तांबूस झाक, गालाच्या वळणावर किंचित जांभळी... आपण एका शब्दात 'काळा' म्हणून मोकळे होतो, त्यात किती रंग असतात.

चेहऱ्याला हात न लावता मी आकाश बदललं. मागचे ढग फिके केले, पुलावरचे दिवे वाढवले, त्यांचा उजेड तिच्या गालावर घेतला. रात्र उजळ केली, ग्रेस नाही. केव्हिनला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, माझं चुकलं, हेच छापूया.

काल अंक हातात आला. ग्रेस पहिली प्रत घेऊन थेट आमच्या घरी आली, खास आईसाठी. शेवटचं पान उघडून तिनं त्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, ही मी. आईनं तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. ग्रेसला ते काय असतं माहीत नव्हतं, पण तिचे डोळे भरून आले.

दोघींचा फोटो काढायला मी आईचाच फोन उचलला. आईनं ओढणी सारखी केली, ग्रेसच्या खांद्यावर हात टाकला आणि मला म्हणाली, "थांब. आधी तो फिल्टर काढ."

फोटो सोबत टाकलाय. आई त्यात आहे.