प्रवाळाचा काप

विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगली पेटल्या तेव्हा मी परभणीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होते. आमचं बौद्धाचं घर गंगाखेडकडच्या एका खेड्यात होतं. एसटी बंद पडल्या, गावाकडची खबर मिळेना, म्हणून आम्हाला शिकवणाऱ्या बाईंनी मला वसतिगृहातून आपल्या घरी नेलं.

मला घास उतरेना. मन गुंतावं म्हणून बाईंनी कॉलेजातून सूक्ष्मदर्शक आणि प्रवाळाच्या सांगाड्याचा पातळ काप आणला. त्यात बारीक रेघा दिसत होत्या.

"प्रवाळ दिवसा जास्त चुना साठवतो, रात्री कमी," बाई म्हणाल्या. "म्हणून रोजची एक रेघ उमटते."

"आणि अंधारातच ठेवला तर?"

"काहींचं आतलं घड्याळ थोडे दिवस तसंच चालत राहतं."

"मग पुढं?"

बाईंनी जेवणाचं ताट माझ्याकडं सरकवलं. मी भिंगावरून डोळा बाजूला घेतला. या वेळी आई भाकरी थापत असेल, की चूलच राहिली नसेल, एवढंच डोक्यात फिरत होतं.

दोन दिवसांनी सकाळी फाटक वाजलं. वसतिगृहात पत्ता विचारून आलेले बाबा उभे होते, अनवाणी, पायांना फोड आलेले. ते काय सांगतील या भीतीनं मला पुढं जायचा धीर होईना.

"घर जळालं, पोरी," ते म्हणाले. "पर समदे जित्ते हायत. उसात लपलो व्हतो आमी. माय तुझ्यापायी लय रडायलीय. चल."

"कुठं राहायचं, बाबा?"

बाबांनी बाईंकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.